दोघांत एक आई

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत सुंदरम्मांच्या माडीवर दोन गोरी पोरं भाड्यानं राहायला आली, तेव्हा पेठेनं आठवड्याभरात त्यांची सगळी माहिती काढली. त्यातली बरीचशी चुकीची होती, पण पेठेचा तिच्यावर पूर्ण विश्वास होता.

पहिली माहिती अशी, की दोघं सख्खे भाऊ आहेत.

पुरावा भरपूर होता. दोघांचे पांढरे शर्ट सारखे, काळे टाय सारखे, भांगसुद्धा एकाच बाजूला. एकाच्या सायकलचं चाक खोललं की दुसरा शेजारी उभा राहून त्या चाकाकडे बघत राही. एक जण कोपऱ्यावर साबण आणायला निघाला, तरी दुसरा बरोबर जाई. माडीच्या खालीच हुसेनसाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी निकाल देऊन टाकला होता, "भायां नै तो क्या साबून के वास्ते दो-दो जने जाते?"

खरी गोष्ट एवढीच होती, की ते मॉर्मन पंथाचे प्रचारक होते. त्या पंथात पोरगं एकोणीस वर्षांचं झालं की दोन वर्षं परमुलखात प्रचाराला जातं, आणि नियम असा, की जोडीदाराला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. उंच होता तो लार्सन, अमेरिकेतल्या युटाचा, आला तेव्हा वय एकोणीस. बुटका तो होल्ट, वय वीस. पेठेनं उंचीवरून हिशेब केला आणि लार्सनला थोरला, होल्टला धाकटा करून टाकलं. दोघांच्याही नावाआधी 'एल्डर' अशी पदवी होती. तिचा अर्थ वडीलधारा, हे कळल्यावर पेठेनं ती वापरायचं सोडून दिलं. दाढी उगवायची वाट बघणाऱ्या पोरांना वडीलधारं कोण म्हणणार?

दिवस ठरलेला असे. सकाळी मिलचा भोंगा झाला की उठायचं, गुडघे टेकून प्रार्थना, पुस्तकं वाचायची, मराठीच्या वहीत क्रियापदं घोकायची. मग सायकली काढायच्या आणि उन्हात दारोदार फिरायचं. सोलापूरचं ऊन या कामी कुठलीच सवलत देत नसे. लोक मात्र देत. दार उघडून आत बोलवत, पंखा लावत, ऐकून घेत. मग चहा येई. चहा त्यांच्या पंथात वर्ज्य. कॉफीही वर्ज्य. तंबाखूचं तर विचारूच नका. "फिर जीते कायको?" असं हुसेनसाबांनी एकदा मनापासून विचारलं होतं.

चौदा महिन्यांत त्यांनी एकालाही पंथात घेतलं नव्हतं. येशूची तसबीर दिली तर लोक ती आनंदानं बसवेश्वरांशेजारी लावत आणि दोघांनाही सारखंच फूल वाहत. रविवारी माडीवर सभा भरे. तिला आठ घडीच्या खुर्च्या होत्या आणि एक माणूस येई. ते म्हणजे हुसेनसाब. दुकानाचा पत्रा दुपारी तापायचा आणि माडीवर पंखा होता. पंथाच्या सिंगापूरच्या कचेरीला दर आठवड्याला तक्ता भरून पाठवावा लागे. त्यात 'सभेची उपस्थिती' या रकान्यात होल्ट इमानदारीनं '१' लिहीत असे.

सोमवार घरी पत्र लिहायचा दिवस.

लार्सनच्या आईचं पत्र दर आठवड्याला येई. सहा पानं, दोन्ही बाजूंनी. गाय व्याली, धाकटीचा दात पडला, सफरचंदं सुकवली, चर्चच्या छपरातून पाणी गळतं. लार्सन ते मोठ्यानं वाची. होल्ट खिडकीकडे तोंड करून ऐके आणि पुढच्या आठवड्यात दाताचं काय झालं, हे आधी तोच विचारी.

होल्टच्या आईचं पत्र येत नसे. ती डुलुथला असे. मोठ्या तळ्याकाठचं, सहा महिने गोठलेलं गाव. त्याच्या घरात हा पंथ कुणाचाच नव्हता. अठराव्या वर्षी त्यानं आपणहून तो घेतला. वडील वारलेले, मूल हे एकच. निघताना आई दारापर्यंतही आली नाही. भांडी घासत पाठमोरीच म्हणाली, "जायचं तर जा. पत्र टाकू नकोस, मी टाकणार नाही."

त्यानं मात्र प्रत्येक सोमवारी टाकलं. एकही परत आलं नाही आणि एकाचंही उत्तर आलं नाही. त्याचं मागणं मोठं नव्हतं. दोन ओळी चालल्या असत्या. शिव्या चालल्या असत्या. पोस्टमन निंगप्पाची सायकल गल्लीत वळली, की होल्टचं क्रियापद अर्ध्यात राही. निंगप्पा खालून ओरडे, "थोरल्याचं!" आणि होल्ट पुढचं क्रियापद घेई.

याचाही पेठेनं अर्थ लावला होता. सुंदरम्मा शेजारणींना सांगत, "शाणी बाई हाय यांची आई. दोन पोरं, पत्र एक. थोरल्याच्या नावानं टाकती, दोघं मिळून वाचत्यात. मी ऐकलंय की जिन्यातून."

जूनच्या सुरुवातीला लार्सनची पत्रं थांबली. शेवटच्या पत्रात आईनं लिहिलं होतं, की हात दुखतोय, तपासायला जातेय, काळजी करू नकोस. मग महिनाभर काही नाही. आणि मग एका मंगळवारी, दोघं फिरतीवर असताना, तार आली.

तार म्हटल्यावर सुंदरम्मांनी ती हातात घेण्याआधीच रडायला सुरुवात केली. इंग्रजी वाचायला निंगप्पाला थांबवून घेतलं. त्यानं चष्मा पुसून वाचलं, की आई रविवारी गेली, आणि वडील म्हणतात तिथंच राहून काम पूर्ण कर.

दुपारी सायकली गल्लीत शिरल्या, तेव्हा ओट्यावर वीसेक बायका पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. लार्सननं तार वाचली. घडी घालून खिशात ठेवली. सायकलला कुलूप लावलं, मग काढलं, मग परत लावलं. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्यांच्या पंथात मानतात, की घरातली माणसं मेल्यावर पुन्हा कायमची एकत्र येतात. तेव्हा रडायचं कशाला, असं तो स्वतःला सांगत असावा. तो ताठ उभा होता, आणि ताठ माणसाला जवळ कसं घ्यायचं हे सुंदरम्मांना कळेना. म्हणून त्यांनी होल्टला घेतलं.

"अय्यो तम्मा! पोरकी झालासा की रं!"

होल्टनं वहीतल्या मराठीत शांतपणे सांगितलं, "अम्मा, माझी आई जिवंत आहे."

हे ऐकून सगळा ओटा मोठ्यानं रडू लागला.

"असंच वाटतंय रं सुरवातीला," सुंदरम्मा त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या. "आमचे मालक गेले तवा मी बी दोन दिस त्यांच्या वाटचा भात काढून ठेवला हुता."

"नाही अम्मा, खरोखर जिवंत आहे. ती डुलुथला—"

"व्हय, व्हय. हाय. कुटं जातीया? हितंच हाय." आणि त्यांनी त्याच्याच छातीवर बोट ठेवलं.

चौदा महिन्यांत होल्टच्या डोक्यावर कुणी हात ठेवला नव्हता. खरं तर त्याआधीही बरेच दिवस नव्हता. त्या हाताला लसणाचा वास येत होता. दुरुस्तीचं तिसरं वाक्य त्याच्या तोंडापर्यंत आलं, व्याकरणानं अगदी बरोबर होतं, आणि त्याच वेळी तो रडायला लागला. साधंसुधं नाही. ओट्यावरच्या अनुभवी बायकाही थांबून बघू लागल्या. ज्याची आई गेली होती त्या लार्सननं त्याला दंडाला धरून जिन्यावर चढवलं.

"धाकट्याचा जीव लई हुता आईवर," पेठेनं नोंद केली.

त्या दिवशी माडीवरचा स्टोव्ह कुणी पेटवू दिला नाही. सुंदरम्मा लिंगायत. "आमच्यात सुतक न्हाय," त्या म्हणाल्या, "पर दुःख तर असतंय की," आणि पिठलं-भाकरी घेऊन वर आल्या. मग माणसं यायला लागली. आठ खुर्च्या भरल्या, सतरंजी भरली, जिना भरला. येत, बसत, जमिनीकडे बघत, उठून जात. चौदा महिने हे दोघं लोकांच्या घरी जाऊन बसत होते. आज सगळी घरं त्यांच्याकडे येऊन बसली होती, आणि दोघांनाही सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"कुणीच 'येतो' म्हणत नाही," लार्सन हळूच म्हणाला. निघताना 'जातो' नाही, 'येतो' म्हणायचं, हे ते पहिल्याच आठवड्यात शिकले होते.

"असल्या घरातनं तसं म्हणत न्हाईत," सुंदरम्मांनी सांगितलं. "परत असं यायला नको ना."

हुसेनसाब सगळ्यांत शेवटी उठले. त्यांनी दोघांच्या खांद्यांवर एकेक हात ठेवला. दोन्ही हातांना वंगण होतं. पांढऱ्या शर्टांवर दोन काळे पंजे उठले, आणि ते नंतर कुठल्याच साबणानं निघाले नाहीत.

त्या आठवड्याच्या तक्त्यात होल्टनं आधी '६४' लिहिलं. मग खोडून '१' केलं.

चौथ्या दिवशी बुटाला पॉलिश करता करता लार्सन म्हणाला, "ती माझी आई होती, एल्डर."

"माहीत आहे."

"मग तू का रडतोस? मी एकदाही रडलो नाही. ते मला दगड समजतात. काल त्या कोपऱ्यावरच्या आजी तुझ्या हातात केळी देऊन गेल्या. मला म्हणाल्या, धाकट्याला सांभाळ."

"केळी तू खाल्लीस."

"दोन खाल्ली. विषय तो नाही."

होल्टनं बूट खाली ठेवला. त्याला समजावता येईना, म्हणून त्यानं नुसतं सांगितलं, "माझं पत्र येत नाही."

लार्सन बराच वेळ ब्रश फिरवत राहिला. बूट केव्हाच चकाकला होता. मग म्हणाला, "माझी आई बारा माणसांचा स्वयंपाक करायची. आम्ही सातच होतो. दोघांना पुरली असती." आणि थोड्या वेळानं, "पण हे खोटं आहे, एल्डर. आपण खोटं बोलत नाही. तुझी आई जिवंत आहे. सांगून टाक त्यांना."

"उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी सुंदरम्मांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी वर आणून दिली आणि समोर बसून दोघांना खायला लावलं. होल्टनं ठरवलं, खाऊन झाल्यावर सांगू. खाऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "आईच्या हातचं काय आवडायचं रं तुला?" तेव्हा त्यानं विचार करून सांगितलं, "माशाचं कालवण." सुंदरम्मांच्या घरात मासा निषिद्ध. पण मेलेल्या बाईच्या माशाला काय नावं ठेवायची? त्या म्हणाल्या, "असू दे. चांगलं करत असंल." डुलुथच्या त्या स्वयंपाकघराबद्दल त्याला कुणी विचारलं, असं पहिल्यांदाच घडत होतं. तो बोलत गेला. तिच्या डावीकडे झुकलेल्या अक्षराबद्दल, खिडकीतून दिसणाऱ्या तळ्याबद्दल, ती रागावली की भांडी दोनदा घासते त्याबद्दल. फक्त एक क्रियापद चुकीच्या काळात होतं. सगळं 'होती', 'होती' असं चाललं होतं. ते दुरुस्त करायचं रोज एकेक दिवस पुढं गेलं.

तारेनंतरच्या तिसऱ्या सोमवारी सकाळी होल्ट मोरीत आंघोळीला निघाला होता. खाली अंगणात सुंदरम्मा तांब्याच्या बंबात चिपाडं सारत बसल्या होत्या. लार्सन नियमाप्रमाणे मोरीच्या दाराशी टॉवेल घेऊन उभा.

"बस जरा," सुंदरम्मा होल्टला म्हणाल्या. "दोन दिस सांगीन म्हणते. रागावू नको. परवा तुमच्या देशातनं पत्र आलं हुतं. मयताचं."

"मयताचं?"

"कोपरा फाटलेला हुता की, मयताच्या पत्राचा फाडत्यात तसा. तुमच्यात बी तसंच करत्यात, मला ठाव नव्हतं. निंगप्पानं उंबऱ्याच्या आत बी आणलं न्हाय. बाहेरनंच दिलं." त्यांनी आणखी एक चिपाड आत सारलं. "मरणाचं पत्र घरात ठेवत न्हाईत, तम्मा. वाचायचं आणि लगीच फाडायचं. मी म्हणलं, वाचून काय करणार? तारेनं कळलंच हाय. आता कुटं पोरगं घास गिळाय लागलंय, परत वाचून परत रडंल. म्हणून फाडलं. आणि मोरीत टाकलं तर तुकडे दिसतील, म्हणून हितं घातलं."

त्यांनी चिमट्यानं बंबाचं तोंड दाखवलं.

होल्टनं लार्सनकडे बघितलं. लार्सन मान हलवत म्हणाला, "बाबा पत्र लिहीत नाहीत. त्यांनी आयुष्यात लिहिलेलं नाही."

"कुणाच्या नावानं होतं, अम्मा?"

"तुझ्या. निंगप्पा म्हणला, पैल्यांदाच आलंय धाकट्याच्या नावानं. म्हणूनच मला वाटलं, कुणीतरी नातेवाइकानं तुला येगळं लिवलंय, तू लहान म्हणून."

निंगप्पाला पोस्टाच्या दारात गाठायला दोघं सायकलवर निघाले. एकाचा शर्ट उघडा, दुसऱ्याच्या खांद्यावर टॉवेल. निंगप्पाला पाकीट नीट आठवत होतं. तो शिक्के वाचायचा शौकीन.

"सिंगापूरवरनं फिरून आलेलं. लई मार खाल्लेलं पाकीट, म्हणून कोपरा गेलेला असंल. पर मूळ शिक्का... ड-लू-थ. असलं काय गाव असतंय व्हय?"

"असतंय," होल्ट म्हणाला.

"बाईचं अक्षर. सगळं डावीकडं पडलेलं, वारा लागल्यावाणी."

परत येताना दोघं सायकली हातात धरून चालत आले. होल्टला चालवता येत नव्हती.

अंगणात सुंदरम्मा तशाच बसल्या होत्या. पाणी उकळून उकळून आटलं होतं. त्यांनी त्याचं तोंड बघितलं आणि विचारलं, "चुकलं का रं माझं?"

आणि तिथंच, एकविसाव्या दिवशी, होल्टनं सांगितलं. लार्सनची आई गेली. माझी नाही. आम्ही भाऊ नाही. माझी आई डुलुथला आहे, आहे, आहे. त्यानं क्रियापद तीनदा दुरुस्त केलं.

सुंदरम्मांनी ऐकलं. तोंडावर हात ठेवला. मग उठून ओरडल्या, "जित्ती हाय? शिवा शिवा! अगं नागव्वा, धाकट्याची आई जित्ती हाय गं!"

पाच मिनिटांत गल्ली जमा झाली. कुणी विचारलं नाही, की मग इतके दिवस का सांगितलं नाहीस. मेलेलं माणूस जिवंत झाल्यावर असले प्रश्न विचारत नाहीत. शेजारच्या नागव्वानं घरातून साखर आणली. कोपऱ्यावरच्या आजींनी त्याचे गाल ओढले. हुसेनसाबांनी हातातलं चाक तसंच घेऊन येऊन मिठी मारली, त्यामुळे मिठीत चाकही होतं. सुंदरम्मा वाटी घेऊन एकेकाच्या तळहातावर चिमूट ठेवत होत्या. ठेवता ठेवता लार्सनपाशी आल्या आणि थबकल्या. वाटी खाली ठेवून त्यांनी त्याचं ताठ डोकं दोन्ही हातांनी खाली ओढलं आणि खांद्यावर घेतलं. त्यासाठी त्यांना चवड्यांवर उभं राहावं लागलं. लार्सन बराच वेळ तसाच वाकून राहिला. मग त्याची पाठ हलायला लागली. तीन आठवड्यांचं एकदम निघालं. हातावर साखर घेतलेली माणसं ती तोंडात टाकावी की नाही, हे न कळून उभी राहिली.

तेव्हाच सुंदरम्मांच्या ते ध्यानात आलं असावं. लार्सनच्या डोक्यावरून त्यांची नजर बंबाकडे गेली आणि तिथंच राहिली.

लोक गेल्यावर त्या बंबापुढं बसल्या. निखारे बाजूला केले आणि राख हातानं चाळायला लागल्या. दोन दिवसांची राख. तिच्यावर दोन दिवसांची आंघोळ झाली होती, होल्टचीसुद्धा. तो शेजारी उकिडवा बसला. चिपाडांची राख असते तशीच राख होती.

"काय लिवलं असंल रं तिनं?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, अम्मा."

"वाईट न्हाय लिवणार. एवढ्या लांबनं कोण वाईट लिवतंय? जेवतोस का, म्हणली असंल. ऊन लागतंय का. झोप येती का. दुसरं काय इचारती आई?" त्यांचे हात कोपरापर्यंत राखाडी झाले होते. "चौदा महिनं गप बसली म्हणजे लई साठलं असणार बघ. एका पत्रात मावलं नसंल."

होल्ट आपल्या आईला ओळखत होता. तिला जेवलास का विचारायची सवय नव्हती. 'घरी ये' असं लिहिलं असेल. किंवा 'पत्रं बंद कर' असं. किंवा तळ्यावरचं बर्फ वितळलं एवढंच. किंवा सुंदरम्मा म्हणत होत्या तेच, कारण चौदा महिने हा वेळ थोडा नाही. तिला 'पत्र जळलं' म्हणून लिहिलं, तर तिला वाटेल यानंच जाळलं. 'घरमालकिणीनं तुझ्या मरणाचं समजून बंबात घातलं' असं लिहिलं, तर ते खरं होतं, पण तिनं वाचून जपून ठेवावं असं ते खरं नव्हतं.

दुपारी तो टेबलाशी बसला. पत्र लिहायचाच दिवस होता. लार्सन भिंतीकडे तोंड करून झोपला होता, पण मधून मधून त्याचा नाक ओढल्याचा आवाज येत होता.

होल्टनं लिहिलं, की पत्र पोचलं. मग एकेक ओळ. जेवतो, वेळेवर, भाकरी नावाची चीज आहे. ऊन आहे, पण टोपी घालतो. झोप लागते. ताप नाही. पैसे पुरतात. इथं एक बाई आहेत, त्या तुझी चौकशी करतात. मग त्याला ठाऊक नसलेल्या प्रश्नाशी तो पोचला आणि थांबला. खाली सुंदरम्मा बंब घासत होत्या. चिंच आणि राख घेऊन, एकदा घासून झालेला पुन्हा घासत होत्या.

बऱ्याच वेळानं त्यानं वेगळ्या ओळीवर 'हो' लिहिलं आणि खाली सही केली. तिनं जे काही विचारलं असेल, त्याला हो.